मला दोनदा बांधलं, त्याची हकीकत

मला तोंड नाही, पण टोकं त्रेसष्ट आहेत आणि एकेका टोकाला सांगण्यासारखं काहीतरी आहे. तेव्हा आज मी बोलणार, आणि माझं संपेपर्यंत कोणी मधे तोंड घालू नये.

मी एका जुन्या मोटारीतली तारांची जुडी. गॅरेजात मला नुसतं ‘वायरिंग’ म्हणतात. म्हणोत बापडे. बॅटरीपासून दिव्यांपर्यंत, हॉर्नपर्यंत, वायपरपर्यंत आणि थेट मागच्या नंबरप्लेटच्या एवढ्याशा बल्बपर्यंत वीज पोचवायची, हे माझं काम. गाडी चांगली चालली की लोक इंजिनाची पाठ थोपटतात. त्या इंजिनाला ठिणगी कोण नेऊन देतं, असं विचारणारा मला अजून भेटलेला नाही.

माझा जन्म बायकांच्या हातचा. कारखान्यात एक लांबलचक फळी होती, तिच्यावर खिळे ठोकलेले होते आणि दोन्ही बाजूंनी बायका उभ्या होत्या. एकीच्या हातात लाल तार, दुसरीच्या हातात हिरवी, तिसरीकडे पांढऱ्या रेघेची काळी. खिळ्यांना वळसे घालत त्या तारा लावायच्या आणि तोंडाने अखंड गप्पा. एकीची सून उशिरा उठायची, दुसरीला तिसरा महिना लागला होता, तिसरीचा नवरा घोरायचा. जिभेला विसावा नव्हता आणि बोटं कधी चुकत नव्हती. शेवटी वरून काळी टेप गुंडाळून, वेटोळं करून मला खोक्यात टाकलं. गाडीत कधी बसले ते कळलंही नाही. वर पत्रा आला, खाली गालिचा आला आणि अंधार झाला.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर. माणूस टापटिपीचा. गाडी रोज पुसायचे, पण बॉनेट उघडायची वेळ आली की हात मागे बांधून लांब उभे राहायचे. दुसऱ्याच्या तोंडात दिवसभर हात घालणारा माणूस गाडीच्या पोटात बघायला घाबरतो, याचं मला फार हसू यायचं. त्यांच्यानंतर आला एक फोटोग्राफर. त्याला गाडीत मोठ्याने गाणी हवी होती. गाणी बसवणाऱ्या कारागिराने माझी नारिंगी तार मधेच कापली, तिला दोन नव्या तारा पिळून लावल्या, वर चिकटपट्टी मारली आणि निघून गेला. माणसाची नस कापून कोणी अशी गाठ मारली असती तर बोंब झाली असती. माझी बोंब कोण ऐकणार? ते गाण्यांचं यंत्र वर्षभरात बिघडलं. गाठ मात्र तशीच राहिली.

आणि मग आली टेलिफोनबाई.

सगळी गल्ली तिला याच नावाने ओळखायची. तिने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. फोन जोडून देणाऱ्या मुली पुढच्या दिवाणखान्यासारख्या खोलीत बसायच्या. ही बसायची मागच्या खोलीत, जिथे तारांचे मनगटाएवढे जाड दोर जमिनीपासून छतापर्यंत गेलेले असायचे. ते दोर बांधणं हिचं काम. तिला ते कोणी शिकवलं नाही. रात्रपाळीवाल्यांनी मारलेल्या गाठी सोडवून सोडवून ती स्वतःच शिकली, आणि हे ती भेटेल त्याला ऐकवायची. मोटारही तशीच शिकली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पुस्तक मांडीवर ठेवून. पहिला आठवडाभर तिने अंगणात बंद गाडीत बसून गिअर बदलले आणि इंजिनाचा आवाज तोंडाने काढला. मी साक्षीदार आहे. आवाज चांगला काढायची.

लग्न तिने केलं नव्हतं. थोरला भाऊ आणि वहिनी यांच्याबरोबर राहायची. भाऊ म्हणजे दादा, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. जगातल्या सगळ्या नद्या त्याला पाठ होत्या, आणि बहिणीची एकही गोष्ट त्याला पटत नव्हती.

गाडी घेतली ती चैनीसाठी नव्हे. एक्स्चेंजमध्ये हिच्या शेजारच्या स्टुलावर सव्वीस वर्षं एक जोडीदारीण बसायची. तिचे गुडघे गेले आणि ती चाकाच्या खुर्चीत आली. बसमध्ये खुर्ची चढत नाही. म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी टेलिफोनबाई तिला गाडीत घालून नदीकाठी न्यायची. दोघी काचा खाली करून दोन तास बसायच्या आणि एक्स्चेंजमधल्या साहेबांची नक्कल करून हसायच्या. तेवढे चार तास सोडले तर त्या जोडीदारणीचा आठवडा चार भिंतींत जायचा. मंगळवारी ती सकाळी दहापासूनच दारात येऊन बसलेली असायची. माझ्या हेडलाइटांना ती लांबूनच दिसायची.

पण माझं वय झालं होतं. इंजिनाजवळची माझी टेप उन्हाळ्यात वितळायची आणि थंडीत तडकायची. तिच्यातला डिंक बाहेर येऊन त्यावर धूळ बसायची. स्टिअरिंगखाली दोन तारांची कातडी एकाच जागी सोलली आणि त्या एकमेकींना चिकटल्या. त्यातली एक डाव्या इंडिकेटरची, दुसरी हॉर्नची. झालं, डावीकडे वळायला इंडिकेटर दिला की दिव्याच्या तालावर हॉर्न वाजायचा. लोक दचकून बघायचे. टेलिफोनबाई त्यांना हात करायची, जणू ओळखच आहे. एका दुकानदाराने तर तिला बरेच दिवस उलट हात केला.

पुढे एक दिवस चौकात धूर निघाला, फ्यूज उडाला आणि गाडी ढकलत घरी आली. रात्रीच्या जेवणाला दादाला तोंड फुटलं. गाडी खिडकीखालीच उभी होती, मला सगळं कळत होतं. तो म्हणाला, हिची गाडी वळायच्या आधी दवंडी पिटते आणि दवंडी पिटून झाली की झोपते. टेलिफोनबाईने पोळीचा तुकडा ताटात ठेवला. महिनाअखेरीला गाडीची सरकारी तपासणी होती. जुन्या गाड्यांना ती चुकत नाही.

‘‘तपासणीत नापास झाली,’’ ती म्हणाली, ‘‘तर मी स्वतः भंगारवाल्याला फोन करीन. कोणी मधे पडायचं नाही.’’

दादा वहिनीकडे वळून म्हणाला, ‘‘ऐकलंस ना? साक्षीला तू आहेस.’’

रागाच्या भरात गेलेला शब्द. पण ही बाई शब्द मागे घेणारी नव्हती, हे त्या तिघांनाही ठाऊक होतं. नंतर भांडी घासताना वहिनीने हळूच विचारलं, ‘‘वन्सं, त्या बिचारीचं मंगळवारचं काय?’’ त्यावर नुसता एक डबा जोरात फडताळात गेला.

दुसऱ्या दिवशी गाडी करंटच्या गॅरेजात आली. करंट म्हणजे मोटारींची वायरिंग करणारा, पन्नाशीचा, कामात हुशार आणि बोलण्यात झटके देणारा. म्हणून हे नाव. त्याने मला उलगडून पाहिलं आणि सांगितलं की सात तारा बदलू, ती नारिंगी गाठ काढून नीट जोड देऊ, वरून काळी टेप मारू, दोन दिवसांत गाडी घेऊन जा.

बाई म्हणाली, ती टेप मला दाखवू नकोस. तिचा डिंक वितळतो, म्हणून तर ही वेळ आली. घरातल्या दिव्याची तार दुरुस्त करायची टेप ती, इंजिनाच्या उष्णतेत ती काय टिकणार? मग तिने पिशवीतून मेणदोऱ्याचं रीळ काढलं. जाड सुताला मेण लावलेला दोरा. एक्स्चेंजमध्ये तारांचे दोर याच दोऱ्याने बांधायचे, दर दोन बोटांवर एक गाठ, आणि तिच्या गाठी तीस वर्षांत एकदाही सुटल्या नव्हत्या.

करंटने दोरा बोटावर घासून पाहिला. ‘‘दोरा झकास आहे. पण बाई, तुमच्या एक्स्चेंजमध्ये खड्डे होते का?’’

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाना शोधायला लागला. त्या प्रश्नाचं उत्तर तिने तेव्हाच द्यायला हवं होतं. पण अभिमान होता ना. आणि खरं सांगते, मीही त्या दोऱ्यावर भाळले होते. इतकी वर्षं चिकट अंगाने काढल्यावर असं नीटनेटकं बांधून घ्यायला कोणाला आवडणार नाही?

मला गाडीतून सोडवून घरी नेलं. जेवणाच्या टेबलावर सरळ ताणून ठेवलं. एका टोकावर दादाचा मोठा ॲटलास, दुसऱ्यावर इस्त्री. अकरा दिवस घरात सगळे मांडीवर ताट घेऊन जेवले. दादा येता-जाता म्हणायचा, ‘‘आज टेबल कोणाचं?’’ आणि उत्तराची वाट न बघता निघून जायचा.

आधी एकेका तारेची परीक्षा झाली. गुंडाळल्यावर खोट सापडली तर पुन्हा सगळं उलगडावं लागतं, तेव्हा हे आधी. बाईकडे बॅटरी आणि एक छोटी घंटी, वहिनी दुसऱ्या टोकाला चष्मा लावून.

‘‘लाल-पांढरी?’’

‘‘आली.’’

‘‘निळी?’’

‘‘आली.’’

‘‘जांभळी?’’

‘‘वन्सं, जांभळी काही बोलत नाही.’’

जांभळी मधेच तुटली होती. तिच्या जागी नवी आली. त्या अकरा दिवसांत वहिनीला माझे सगळे रंग पाठ झाले. पुढे भाजी निवडतानाही ती ‘आली’ म्हणायची.

मग गाठी. सुमारे नऊशे. एकसारख्या, एका रेषेत, जणू छापल्यात. बाराव्या दिवशी मी तयार झाले तेव्हा दादासुद्धा चष्मा पुसून वाकून बघून गेला.  मी काठीसारखी ताठ होते आणि मनात फुगले होते.

गॅरेजात मला गाडीत घालायला घेतलं आणि मी वळलेच नाही.

कारण साधं आहे, पण ते एक्स्चेंजमधल्या माणसालाच न सुचणारं. तिथले दोर भिंतीवर सरळ उभे राहायचे, वर्षानुवर्षं न हलता. गाडीत मला डॅशबोर्डमागे वळायचं, पेडलच्या वर मुरडायचं, दाराच्या बिजागरीशी रोज उघडमीट सोसायची. वळणावर बाहेरच्या तारेला जास्त लांबी लागते, आतलीला कमी. मला सरळ ठेवून आवळल्यामुळे सगळ्यांची लांबी सारखी झाली होती. हॉर्नची फांदी वीतभर कमी पडली. दाराची फांदी दारातून काठीसारखी बाहेर आली. करंटने जरा जोर लावला तर एक नवा जोड सुटला.

त्याने हात काढून घेतला. बाई स्टुलावर बसली. महिन्यातले नऊ दिवस उरले होते.

‘‘कात्री दे,’’ ती म्हणाली.

करंट म्हणाला की इतक्या गाठी वाया कशाला, थोडं ओढून-ताणून बसवतो, तपासणीपुरतं निघेल.

‘‘ओढून बसवलेलं चौकात तुटतं. मला माझ्या जोडीदारणीला नदीवर न्यायचंय, तपासणीला नाही. कात्री दे.’’

तिने आपल्या हाताने आपल्याच गाठी कापायला घेतल्या. पहिल्या दहा-वीस कापताना तिचा हात जड होता, मला कळत होतं. मग वेग आला. शेवटची गाठ कापून तिने दोऱ्याचे तुकडे ओंजळीने डब्यात टाकले, कात्री परत दिली आणि म्हणाली, ‘‘नव्हते. आमच्या एक्स्चेंजमध्ये खड्डे नव्हते.’’

करंट हसला नाही. शहाणा माणूस. त्याने चहा मागवला.

दुसऱ्या वेळेस मला आधी उघड्या अंगाने गाडीत निजवलं. जिथे वळायचं तिथे मला माझी मी वळू दिलं. वळणावळणावर तात्पुरतं बांधायला मऊ काहीतरी हवं होतं, ते वहिनीने पिशवी भरून आणलं. पायजम्याच्या नाड्या. त्या संध्याकाळी म्हणे दादा एका हाताने पायजमा धरून घरभर विचारत फिरला, आणि दोघी बायका अगदी गंभीर चेहऱ्याने वर्तमानपत्र वाचत बसल्या. दार चाळीसदा उघडून-मिटून किती ढील हवी ते ठरवलं. खडूने खुणा केल्या. मग वळणं जशीच्या तशी ठेवून मला बाहेर काढलं आणि फळीवर ठेवलं.

आता कशात गुंडाळायचं, यावर बाई आणि करंट यांची पुन्हा जुंपली. पण या वेळी भांडण गुणाचं होतं, कारण दोघेही समोरच्याचं ऐकत होते. इंजिनाजवळ उष्णता आणि तेल, तिथे डिंकच नको. बिनडिंकाची पट्टी आणि तिच्यावर आडव्या वळ्यांची, लांबीत चिरलेली प्लॅस्टिकची नळी, हे करंटचं. पट्टी खालून वर गुंडाळायची, प्रत्येक वेढा आधीच्याच्या अर्ध्यावर, छपरावरच्या कौलांसारखा, म्हणजे पाणी आत न शिरता ओघळून जाईल, हे बाईचं. बसायच्या जागेखाली कापडी टेप, म्हणजे खड्ड्यात खडखड होत नाही. दाराशी विणलेली जाळीची नळी, ती वाकते आणि घासली तरी फाटत नाही. आणि डॅशबोर्डमागे, जिथे काही हलत नाही, भिजत नाही, तापत नाही, तिथे मेणदोरा. करंट स्वतः म्हणाला, ‘‘इथे तुमच्या गाठींना तोड नाही.’’ बाईने त्याच्याकडे न बघता रीळ उचललं. तिचे कान लाल झाले होते.

तपासणीच्या आदल्या दिवशी सगळं बसलं. दिवे लागले, वायपर फिरला, डावा इंडिकेटर मुकाट्याने लुकलुकला. बाई निरोप सांगायला जोडीदारणीकडे गेली, की शुक्रवारी तयार राहा.

तपासणीला दादा न बोलावता येऊन पुढच्या सीटवर बसला. पांढरी पँट, इस्त्रीचा शर्ट. निकाल बघायला आलोय, म्हणाला.

तपासणारी तिशीची बाई होती, हातात टॉर्च, कमी बोलणारी. हेडलाइट, वायपर, हॉर्न. बॉनेट उघडून तिने माझ्यावर प्रकाश टाकला आणि जरा जास्त वेळ बघितलं. मी श्वास रोखला, म्हणजे असता तर रोखला असता. मग ती मागे गेली. उजवा दिवा लागला. डावा लागला नाही. इंडिकेटर नाही, ब्रेकचाही नाही. काहीच नाही.

टेलिफोनबाई खाली उतरली. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. काल संध्याकाळपर्यंत लागत होता, एवढंच ती म्हणाली. आणि मग तिचं लक्ष दादाकडे गेलं, कारण दादा आकाशाकडे बघत होता.

‘‘दादा.’’

‘‘तिथे गंज होता,’’ दादा म्हणाला. ‘‘तू काल तिकडे गेली होतीस. दिव्यामागचा पत्रा फार वाईट दिसत होता, ती बाई त्याच्यावर बोट ठेवील असं वाटलं. नट काढला, घासला, दोन हात काळा रंग दिला. वाळल्यावर तार होती तशी परत लावली. घट्ट लावली हं.’’

आता हे समजून घ्या. वीज दिव्याकडे जाते तशी तिला परतही यावं लागतं. परतीची माझी काळी तार गाडीच्या उघड्या पत्र्याला चिकटलेली असते. त्या पत्र्यावर दोन हात रंग बसला की वाट बंद. जगातल्या सगळ्या नद्या कुठून निघून कुठे जातात हे शिकवणाऱ्या माणसाने माझी परतीची वाट रंगवून टाकली होती. तीही प्रेमाने.

‘‘तुला कोणी सांगितलं होतं?’’ बाईने विचारलं.

‘‘कोणी नाही. तू दिवसभर घरात बसलीस तर मी कुठे जायचं?’’

टॉर्चवाल्या बाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. म्हणाली, मी पलीकडची गाडी बघून येते, तोवर मी इथे काही लिहिलेलं नाही.

टेलिफोनबाईने पर्समधून पाना काढून नट सोडवला आणि घराची किल्ली भावाच्या हातात दिली. ‘‘तूच घास.’’

दादा पांढऱ्या पँटसकट गुडघ्यावर बसला. किल्लीने खरवडू लागला. ती टॉर्च धरून उभी, ‘‘अजून, कडेलाही, लोखंड चमकलं पाहिजे,’’ आणि तो ‘‘दिसतंय मला,’’ असं म्हणत खरवडतोय. लहानपणीही ही दोघं अशीच असणार. चमक आली, तार बसली, नट आवळला. ती पुढे जाऊन बसली आणि इंडिकेटर दिला.

‘‘लागला,’’ दादा मागून म्हणाला. मग जरा मोठ्याने, शेजारच्या गाडीतल्या परक्या माणसाला, ‘‘लागला बघा.’’

कागदावर शिक्का बसला. येताना दादाच्या गुडघ्यांवर काळे डाग होते आणि तो ते रुमालाने झाकून बसला होता.

आज शुक्रवार. जोडीदारणीला आत्ताच सीटवर बसवलं, खुर्ची घडी करून मागे टाकली. ती इकडे-तिकडे बघून म्हणाली, ‘‘महिनाभर काय करत होतीस गं? मला तर इथे काहीच नवीन दिसत नाही.’’

‘‘दिसायचं नाहीच तुला. तुझं लक्ष नदीकडे असू दे.’’

हेच माझं आजचं सुख. मी गालिच्याखाली आहे, पत्र्यामागे आहे, जिथे वळायचं तिथे वळलेली आहे आणि कुठेही ओढ बसत नाही. तुमच्याही गाडीत माझी एखादी बहीण असेल. तिला कधी बांधायला घेतलंत तर टेप कुठली, दोरा कुठला, हे मागून ठरवा. आधी तिला गाडीत निजवून बघा, तिला कुठेकुठे वळायचं आहे ते. आणि रंगाचा डबा घेऊन कोणी प्रेमाने आलंच, तर त्याला निदान विचारून लावायला सांगा.

पुरे झालं बोलणं. बाईने किल्ली फिरवली, आता मला कामाला लागलं पाहिजे.